अबू रैहान अल-बिरुनी : गावांचे ठिकाण मोजणारे विद्वान

अलीकडे बारावीचा निकाल लागला की काही पालक आम्हा शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात. जीआयएस म्हणून जो अभ्यासक्रम निघाला आहे तो काय आहे, आणि तो शिकून मुलाचे काही भले होईल काय? जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. जमिनीवरच्या प्रत्येक वस्तूचे नेमके ठिकाण आणि त्या वस्तूविषयीची माहिती यांची एकत्र जोडणी करून ती संगणकावर नकाशाच्या रूपाने मांडणे, एवढाच तिचा सोपा अर्थ. खाजगी वर्गांत पहिल्याच दिवशी कोणते बटण दाबायचे ते दाखवतात. मूल घरी येते आणि रंगीत नकाशा काढून दाखवते, आईवडील खूश होतात. पण त्या नकाशावरचे ठिकाण तिथेच का, आणि ते कोणी व कसे ठरवले, हे विचारले की मूल गप्प बसते.

हाच प्रश्न एका माणसाने हजार वर्षांपूर्वी स्वतःला विचारला आणि उत्तर शोधण्यात सारी हयात घालवली. अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरुनी हे त्यांचे नाव. त्यांचे चरित्र वाचले म्हणजे या विषयाची मुळाक्षरे आपोआप गिरवली जातात. म्हणून व्याख्या बाजूला ठेवून मी तुम्हाला त्यांच्या आयुष्याची हकीकत सांगतो.

बिरुनींचा जन्म सप्टेंबर ९७३ मध्ये ख्वारिझम प्रांतातील काथ या राजधानीच्या शहरी झाला. अमुदर्या नदीच्या काठचा हा मुलूख आज उझबेकिस्तानात मोडतो. त्यांच्या घराण्याविषयी फारसे काही सांगता येत नाही. पण गुरू मात्र थोर लाभले. अबू नस्र मन्सूर हे राजघराण्यातले असून नामांकित गणिती होते, आणि त्यांनी या मुलाला भूमिती व खगोलशास्त्र शिकवले. अमुदर्या ही भारी खोडकर नदी. काथचा जुना किल्ला तिने वर्षानुवर्षे कापत कापत नेला आणि ९९४ च्या सुमारास त्याचे नावनिशाण उरले नाही, अशी नोंद बिरुनींनीच करून ठेवली आहे. डोळ्यांदेखत किल्ला वाहून गेलेला मुलगा ठिकाण या गोष्टीचा पुढे एवढा ध्यास घेतो, यात मला तरी नवल वाटत नाही.

वयाच्या सतराव्या वर्षी, म्हणजे ९९० मध्ये, त्यांनी अंश कोरलेल्या कड्याच्या साहाय्याने भर दुपारी सूर्याची उंची मोजली आणि त्यावरून काथचा अक्षांश काढला. विद्यार्थी मित्रांनो, यात जादू नाही. २१ मार्चच्या सुमारास दिवस-रात्र समान असतात तेव्हा माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे ते मोजा, आणि तो आकडा ९० मधून वजा करा. येईल तो तुमच्या गावाचा अक्षांश. ठाण्यासारख्या शहरी ही उंची ७१ अंशांच्या जवळपास भरते, म्हणजे अक्षांश १९ च्या आसपास. वर्षाच्या इतर दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेस वा दक्षिणेस आहे तेही हिशेबात धरावे लागते. एक काठी, एक ओळंबा आणि सपाट अंगण एवढे पुरे. भूगोलाचे पुस्तक नुसते पाठ करण्यापेक्षा हा प्रयोग एकदा करून पाहावा.

पुढे त्यांनी मोठी उडी घ्यायचे ठरवले. पंधरा हात व्यासाचे कडे आणि दहा हात व्यासाचा अर्धगोल त्यांनी तयार करवला. विचार असा की, प्रवाशांकडून आणि जुन्या ग्रंथांतून गावांमधील अंतरे गोळा करावीत, ती एकमेकांशी ताडून पाहावीत, आणि मग प्रत्येक गाव या अर्धगोलावर त्याच्या जागी मांडावे. वाचकहो, संगणकाचा पडदा काढून त्या जागी लाकडा-मातीचा अर्धगोल ठेवला तर भौगोलिक माहिती प्रणाली याहून निराळी नाही. माहिती गोळा करणे, तपासणे, आणि एकाच मापाच्या चौकटीत बसवणे हा क्रम तोच आहे.

पण नशिबाने साथ दिली नाही. ९९५ मध्ये गुरगंजच्या अमिराने काथवर स्वारी केली, राजा मारला गेला, गुरूंच्या घराण्याची सत्ता संपली. बावीस वर्षांच्या बिरुनींना आधी लपून राहावे लागले आणि मग देश सोडावा लागला. उन्हाळ्याच्या अयनदिनाचे एक निरीक्षण तेवढे पदरात पडले होते; बाकी सारा बेत तिथेच राहिला. पुढे रय या शहरी, म्हणजे आजच्या तेहरानजवळ, ते अगदी कफल्लक अवस्थेत होते. तिथल्या एका ज्योतिष्याने शास्त्रीय वादात त्यांचे म्हणणे खोडले ते पुराव्याने नव्हे, तर त्यांच्या दारिद्र्याची टवाळी करून. पुढे बिरुनींना बरे दिवस आले तेव्हा हाच गृहस्थ गोडीगुलाबीने वागू लागला. हा प्रसंग त्यांनी ग्रंथात नमूद केला आहे. गरिबाघरच्या विद्यार्थ्याने तो जरूर लक्षात ठेवावा.

अक्षांश सूर्यावरून निघतो. रेखांशाचे तसे नाही. सूर्य सगळ्याच गावांवरून फिरतो, त्यामुळे एक गाव दुसऱ्याच्या किती पूर्वेस आहे हे कळण्यासाठी दोन्ही ठिकाणी एकाच क्षणी किती वाजले हे ठाऊक हवे. आज घड्याळ आहे, तारायंत्र होऊन गेले, उपग्रह आहेत. तेव्हा काय होते? तेव्हा चंद्रग्रहण होते. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते तो क्षण जिथून जिथून चंद्र दिसतो त्या सर्वांना एकच असतो. फरक असतो तो त्या त्या गावच्या वेळेचा. बिरुनींनी बगदादचे प्रख्यात गणिती अबुल वफा यांच्याशी आधीच संधान बांधले, आणि २४ मे ९९७ चे ग्रहण एकाने काथमधून व दुसऱ्याने बगदादमधून पाहिले. दोन्हीकडच्या वेळांत सुमारे एक तासाचा फरक निघाला. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते; तेव्हा दोन शहरांत रेखांशाचे अंतर किती हे उघड झाले. शेकडो कोसांच्या अंतरावर बसलेल्या दोन माणसांनी आधी ठरवून एकच काम एकाच रात्री करावे, तेही मधल्या मुलखात लढाया चालू असताना, याचे मोल किती हे तुम्हीच ठरवा.

इ. स. १००० च्या सुमारास ते कास्पियन समुद्राजवळच्या जुर्जानच्या दरबारी होते. निरनिराळ्या लोकांच्या कालगणनांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ तिथे तयार झाला. मग काही वर्षे ते पुन्हा ख्वारिझमला, नव्या राजाचे सल्लागार म्हणून राहिले. १०१७ मध्ये गझनीच्या महमूदाने ख्वारिझम जिंकले आणि इतर विद्वानांबरोबर बिरुनींनाही गझनीला नेले. ते तिथे पाहुणे होते की कैदी, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. थोडे थोडे दोन्ही असावेत असे मला वाटते.

पुढच्याच वर्षीची, १०१८ ची गोष्ट. ते काबूलजवळच्या एका खेड्यात होते. मन उद्विग्न, आणि जवळ एकही यंत्र नाही. अशा वेळी त्यांनी हिशेबाची पाटी उलटी केली, तिच्या पाठीवर वर्तुळाचा भाग आखून अंश पाडले, ओळंबा सोडला आणि सूर्याची उंची घेतली. आपल्या शाळेत प्रयोगशाळा नाही, संगणक मोजकेच आहेत, अशी तक्रार आपण सगळेच करतो, आणि ती खोटीही नसते. तरीसुद्धा ही उलटी पाटी काही माझ्या नजरेसमोरून हलत नाही.

आता नंदनाच्या किल्ल्याची हकीकत. हा किल्ला आजच्या पाकिस्तानी पंजाबात, झेलम जिल्ह्यात मिठाच्या डोंगररांगेत आहे. पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी खलिफा अल-मामूनच्या काळी, नवव्या शतकात, विद्वानांच्या तुकड्या वाळवंटात उत्तर-दक्षिण चालत गेल्या होत्या आणि एका अंशात किती मैल भरतात ते त्यांनी मोजले होते. तसाच प्रयत्न बिरुनींनी जुर्जानकडे करून पाहिला, पण मदत मिळाली नाही. नंदनाला त्यांना दुसरी वाट सापडली. समोर अफाट सपाट मैदान आणि त्याच्या कडेला डोंगर. आधी मैदानातून दोन जागांवरून शिखराचे कोन घेऊन डोंगराची उंची काढली; ती ६५२ हातांहून किंचित अधिक भरली. मग शिखरावर चढून क्षितिज पाहिले. उंचावरून क्षितिज डोळ्यांच्या पातळीपेक्षा किंचित खाली दिसते, कारण पृथ्वी वाकलेली आहे. हा उतार ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून जरा जास्त निघाला. डोंगराची उंची आणि हा कोन, एवढ्या दोन आकड्यांवरून त्रिकोणमितीने त्यांनी पृथ्वीची त्रिज्या १,२८,०३,३३७ हात एवढी काढली.

या आकड्याचे किलोमीटर करून तो आजच्या मापाशी किती तंतोतंत जुळतो हे सांगणारे लेख आपण वाचतो. तसे छातीठोकपणे सांगू नये. त्यांचा हात म्हणजे नेमका किती लांब यावर मतभेद आहेत, आणि कोनात एका कलेची चूक झाली तरी त्रिज्येत सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडतो. शिवाय हवेमुळे प्रकाशाचा किरण वाकतो तो वेगळाच. एक माणूस एका डोंगरावर चढून साऱ्या पृथ्वीचे माप घेऊ शकतो ही रीत त्यांनी दाखवली, ती मोठी.

गझनीत १०२५ मध्ये त्यांनी ठिकाणांच्या सीमा ठरवण्यावरचा ग्रंथ पुरा केला. ‘तहदीद’ या नावाने तो ओळखला जातो. गझनी शहर पृथ्वीवर नेमके कुठे आहे, हा त्याचा विषय. त्याला एक व्यावहारिक निकडही होती. मक्का कोणत्या दिशेला, हे दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश हाती असल्याशिवाय सांगता येत नाही. आपण सर्रास पश्चिम म्हणतो. पण मुंबईहून हिशेब केला तर किब्ला पश्चिमेपासून सुमारे १० अंश उत्तरेकडे येतो, आणि गाव बदलले की हा आकडाही बदलतो. बिरुनींनी बगदादपासून गझनीपर्यंत मधल्या शहरांची साखळी घेतली. प्रत्येकाचा अक्षांश पक्का केला, काफिल्यांच्या वाटेचे अंतर घेतले, वळणावळणांपोटी काही हिस्सा कमी केला, आणि शहरामागून शहर जोडत ते पुढे गेले. एकाच मार्गावर विसंबले नाहीत. वेगवेगळ्या वाटांनी हिशेब करून उत्तरे ताडून पाहिली. बगदाद आणि गझनी यांमधील रेखांशाचा जो फरक त्यांनी काढला तो आजच्या मापापेक्षा अर्ध्या अंशानेही चुकलेला नाही. सारे अंतर २४ अंशांच्या घरातले आहे, हे ध्यानात घ्या.

इथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण परीक्षेत नव्हे तर नोकरीत ती नडते. रेखांश मोजायला सुरुवात कुठून करायची? त्या काळी कोणी पश्चिम समुद्रातील बेटांपासून मोजत, कोणी आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून. या दोहोंत १० अंशांचा फरक पडे. भारतीय ज्योतिषी उज्जैनच्या रेषेपासून मोजत. एका यादीतले शहर एका मापाने आणि दुसरे दुसऱ्या मापाने आले की नकाशावर त्यांची गल्लत ठरलेली. बिरुनी हे घोळ शोधून निस्तरत बसले. आज आपण ग्रीनिचपासून मोजतो, पण घोळ संपलेला नाही. भारताचे जुने सर्वेक्षण नकाशे पृथ्वीच्या एव्हरेस्ट नावाच्या मापावर बेतलेले आहेत आणि उपग्रहावर चालणारे यंत्र वेगळ्या मापावर. दोन्ही तसेच एकावर एक ठेवले की शेताचा बांध जागेवरून सरकतो. अक्षांशाच्या रकान्यात रेखांश भरला तर तीच तऱ्हा. ठाणे शहर थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते. संगणक हरकत घेत नाही, मुकाट्याने नकाशा काढून देतो.

गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची तर काही ना काही बिघडतेच. आकार राखावा तर क्षेत्र बिघडते, क्षेत्र राखावे तर अंतर. यालाच प्रक्षेपणाचा प्रश्न म्हणतात. आकाशातील नक्षत्रे आणि जमिनीवरचे देश सपाट पृष्ठावर कसे काढावेत यावरही बिरुनींनी एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि निरनिराळ्या रीती तपासल्या. आजचा विद्यार्थी यादीतून प्रक्षेपण निवडतो ते बहुधा न वाचताच.

महमूदाच्या स्वाऱ्यांच्या काळात बिरुनी पंजाबात वावरले. त्या स्वाऱ्यांनी मुलूख उद्ध्वस्त झाला, आणि म्हणूनच इथली विद्या काश्मीर व बनारससारख्या दूरच्या ठिकाणी निघून गेली, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. महमूदाच्या पदरी असलेल्या माणसाने हे लिहावे याला धैर्य लागते. ते स्वतः संस्कृत शिकले, पंडितांशी चर्चा केली, पतंजलीच्या योगावरील ग्रंथ अरबीत आणला. १०३० च्या सुमारास ‘किताबुल हिंद’ पूर्ण झाला. त्यात कनोज, धार वगैरे ठिकाणांपासून निघणाऱ्या वाटा आणि मुक्कामांची अंतरे फर्संगांत दिलेली आहेत. एक फर्संग साधारण सहा किलोमीटरचा. त्या यादीत आपलाही मुलूख आहे. धारहून दक्षिणेकडे येणाऱ्या वाटेवर मरहट्ट देश येतो आणि तिथून २५ फर्संगांवर कोकण व समुद्रकाठची त्याची राजधानी ठाणे. गोदावरीचाही उल्लेख आहे. इथवर ते कधी आले नाहीत. ही माहिती त्यांनी ऐकून घेतलेली. त्यामुळे तिच्या कच्चेपणाची जाणीवही ते देतात. इथे अंतर बैलाच्या ओझ्यावर मोजतात, माल वाहायला त्याच वाटेने अनेक खेपा झाल्या तर त्या साऱ्या दिवसांचे एक अंतर धरतात, म्हणून हे आकडे जपून घ्यावेत, असा त्यांचा अभिप्राय आहे. माहिती कुठून आली आणि ती कितपत भरवशाची, हे माहितीसोबतच लिहून ठेवायचे, हा धडा आमच्या कित्येक सरकारी तक्त्यांनी अजून घेतलेला नाही.

याच ग्रंथात गंगेच्या मैदानाविषयी एक निरीक्षण आहे. पर्वताजवळ खणले तर मोठे गोटे, खाली आले की लहान, आणि मुखाकडे नुसती वाळू. यावरून हा सारा प्रदेश एके काळी समुद्र असून तो नद्यांच्या गाळाने भरत आला, असे त्यांनी अनुमान काढले. कोणत्या जागी काय आढळते हे शेजारी शेजारी मांडले म्हणजे जे एकेकट्या जागेवरून दिसत नाही ते दिसू लागते. आजच्या भौगोलिक माहिती प्रणालीत विहिरींचा एक थर, उंचीच्या समोच्च रेषांचा दुसरा, शाळांचा तिसरा, असे थर एकावर एक ठेवतात ते याचसाठी. टँकर कोणत्या वाडीला लागणार, मुलींना शाळेसाठी किती चालावे लागते, ही उत्तरे त्या थरांतून निघतात. कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६० च्या दशकात देशाच्या जमिनीची मोजदाद करताना हे काम प्रथम संगणकावर आणले, आणि ही विद्या आजच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

महमूदानंतर गादीवर आलेल्या मसूदला बिरुनींनी ‘कानून’ हा खगोलाचा महाग्रंथ अर्पण केला. सुलतानाने बक्षीस म्हणून हत्तीवर लादून चांदी पाठवली आणि बिरुनींनी ती परत केली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, ग्रंथ मात्र समोर आहे. त्यात सहाशेहून अधिक ठिकाणांचे अक्षांश-रेखांश कोष्टकात दिले आहेत. एक ओळ, एक गाव, दोन आकडे. आजही संगणकाला हीच ओळ पुरवावी लागते.

साठी उलटल्यावर त्यांनी स्वतःच्या ग्रंथांची यादी केली. ती शंभराच्या वर गेली. त्यांतले बहुतेक आज नष्ट झाले आहेत. १०५० च्या आसपास गझनीतच त्यांचे निधन झाले. अखेरच्या घटकेला भेटायला आलेल्या एका कायदेपंडित मित्राला त्यांनी वारसाहक्काच्या हिशेबातला एक मुद्दा विचारला. अशा अवस्थेत हे कशाला, असे मित्राला वाटले. पण त्यांनी उत्तर घेतलेच. मित्र बाहेर पडून रस्त्यावर आला तोच घरातून रडण्याचा आवाज ऐकू आला, असे चरित्रकार याकूतने लिहून ठेवले आहे.

‘तहदीद’ची जुनी हस्तलिखित प्रत इस्तंबूलमध्ये आहे, आणि तिचे इंग्रजी भाषांतर १९६७ मध्ये बैरुतहून निघाले. ‘कानून’ तर आपल्या दख्खनमध्येच, हैदराबादच्या दायरतुल मआरिफने १९५४ ते १९५६ च्या दरम्यान तीन खंडांत छापला. ज्यांना अरबी येते त्यांनी मोठ्या ग्रंथालयात तो मागून पाहावा आणि गावांचे कोष्टक उघडावे. बाकीच्यांनी शाळेच्या नकाशावर काथ शोधावे. त्या जागी आता बिरुनी नावाचेच गाव आहे, अमुदर्याच्या उजव्या काठी, साडेएक्केचाळीस अंशांच्या थोडे वर.